अल्पसंतुष्ट पाणवनस्पति

शाळेंत दोन प्रकारचे विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवास येतात. एकास रोज नवें उत्तेजन, नवी वही आणि शेजारीं बसून अभ्यास घेणारें माणूस लागतें. दुसरा मागच्या बांकावर, खिडकीपासून दूर बसला, तरी आपला धडा मुकाट्यानें पाठ करतो. पाणवनस्पतींतहि असेच दोन वर्ग आहेत. आणि घरांत मासे पाळण्यासाठीं कांचेची पेटी आणणाऱ्या गृहस्थानें सर्वांत आधीं हा भेद ओळखावयास हवा. परंतु आपल्याकडे होतें तें उलट. आधीं पेटी येते, मग मासे, मग निळे-तांबडे खडे, मग तोंड उघडून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा शिंपला. आणि खिशांत उरलेल्या पैशांतून दुकानदार देईल तीं दोन झुडपें. आमच्या घरींहि असेंच झालें. त्याचा परिणाम सांगण्यांत भूषण नाहीं. पण तो सांगितल्यावांचून या विषयाचें मर्म नीट ध्यानांत यावयाचें नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या नातीच्या आठव्या वाढदिवसास तिच्या काकानें दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी आणली. एकत्र कुटुंबांत नव्या वस्तूवर हक्क सर्वांचा असतो आणि कामाची पाळी कोणाचीच नसते. म्हणून मीं दुकानदारास आरंभींच बजावलें कीं, फारशी निगा राखावी लागणार नाहीं असेंच झाड द्या. त्यानें पांढऱ्या पट्ट्यांच्या लांब पानांचें एक टवटवीत झुडूप आणि हिरव्या कांड्यांचें दुसरें, अशीं दोन काढून दिलीं. "मास्तर, यांना कांहींएक करावें लागत नाहीं," असेंहि तो म्हणाला. पहिले दहा दिवस खरोखरच कांहीं करावें लागलें नाहीं. नंतर देंठांवर बुळबुळीत थर आला, पाण्यास उग्र दर्प येऊं लागला, आणि तिसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं सकाळीं सहापैकीं चार मासे पाण्यावर उलटे तरंगतांना दिसले. नात रडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "आजोबा, दुकानांत तर झाड जिवंत होतें. मग आपल्या घरीं येऊन तें कां मेलें?"

मुलांस शिकविण्यांत सारा जन्म गेला. पण या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तें शोधतां शोधतां जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

उत्तर असें कीं, तीं झुडपें मुळीं पाण्यांतलीं नव्हतींच. पांढऱ्या पट्ट्यांचें तें स्पायडर प्लँट. तें कुंडींत लावावयाचें. कांड्यांचें तें 'लकी बांबू'. तें नांवापुरतेंच बांबू असून वास्तविक आफ्रिकेंतील ड्रॅसीना वंशाचें झुडूप आहे. त्याचीं मुळें पाण्यांत राहूं शकतात, पण पानांस हवाच लागते. अशीं झाडें पूर्ण बुडविलीं असतां आपल्या अंगच्या सांठ्यावर कांहीं दिवस हिरवीं दिसतात, आणि मग कुजतात. कुजतांना त्यांतून अमोनिया सुटतो. आणि पाण्यांतील थोडासा अमोनियाहि माशांचे कल्ले जाळतो. म्हणजे आम्हीं झाडांना बुडवून मारीत होतों, आणि तीं माशांना मारीत होतीं.

म्हणून झाड घेतांना पहिली परीक्षा हीच करावी. पाण्यांत वाढणाऱ्या वनस्पतीस पाणीच उचलून धरतें. तिला आपल्या खोडांत ताठरपणा बाळगण्याचें कारण नसतें. ती बाहेर काढून हातावर धरली असतां ओल्या वस्त्रासारखी लोंबते, आणि तिचीं पानें इतकीं पातळ असतात कीं थोड्याच वेळांत सुकूं लागतात. जमिनीवरचें झाड मात्र हातांतहि ताठ उभें राहतें. या नियमास अपवाद आहेत. पुढें ज्यांचें वर्णन केलें आहे त्या अनुबियस व जावा फर्न या वनस्पति ताठ असूनहि पाण्यांत उत्तम नांदतात. शिवाय रोपवाटिकेंत पुष्कळशा पाणवनस्पति मुळें ओलीं व पानें हवेंत अशा स्थितींत वाढवितात. त्याहि ताठ दिसतात, आणि घरीं आणून बुडविल्यावर जुनीं पानें टाकून पाण्याजोगीं नवीं पानें काढतात. यासाठीं दिसण्यावर न जातां झाडाचें नांव विचारून घ्यावें, हें उत्तम. जो दुकानदार नांव सांगत नाहीं, त्याच्याकडून झाड घेऊं नये.

आतां वनस्पति हवीच कशाला, असें कोणी विचारील. यांत्रिक पंप बुडबुडे सोडतो, गाळणी पाणी गाळते. मग झाडांचा उपद्व्याप कां? याचें उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेंत आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. चंचुपात्रांत पाणी, पाण्यांत हायड्रिलाच्या कांड्या, त्यांवर पालथें नरसाळें आणि नरसाळ्यावर पाण्यानें भरलेली परीक्षानळी. पात्र उन्हांत ठेवलें कीं कांड्यांतून मोत्यांच्या सरासारखे बुडबुडे वर जात, आणि जमलेल्या वायूंत विझत आलेली काडी धरली कीं ती भपकन् पेटे. इंगेनहाउझ नांवाच्या डच वैद्यानें १७७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हेंच दाखविलें होतें: पाण्यांत बुडविलेलीं हिरवीं पानें उन्हांत प्राणवायु सोडतात, अंधारांत सोडीत नाहींत.

याच तत्त्वावर पुढें लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें एक घरगुती प्रयोग केला व १८५० सालीं त्याची हकीकत तेथील केमिकल सोसायटीपुढें मांडली. त्यानें एका कांचपात्रांत दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची वनस्पति ठेवली. मासे श्वास घेत, वनस्पति प्राणवायु देई. पण जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या कांहीं गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकें खाऊन टाकलें, त्यांचीं अंडीं माशांस खाद्य झालीं, आणि पात्राचा संसार सुरळीत चालूं लागला. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ सालीं गॉस याच्या पुस्तकानें 'अॅक्वेरियम' हा शब्द घरोघरीं पोंचविला. तात्पर्य, या सर्व छंदाचा पाया मासे नव्हे. एक साधी, गवतासारखी पाणवनस्पति हा आहे.

वनस्पतीचें दुसरें काम याहून मोलाचें आहे. माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया होतो. वाळूंत व गाळणींत वस्तीस येणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग बरेंच निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. ही वस्ती बसण्यास नव्या पेटींत सुमारें चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत मासे जिवावर उदार होऊन राहत असतात. पण वाढती वनस्पति अमोनिया हेंच आपलें अन्न म्हणून शोषून घेते. जो पदार्थ माशांस विष, तो तिचें खत.

आणि येथेंच निवडीचें खरें सूत्र हातीं येतें. जी वनस्पति झपाट्यानें वाढते, ती पाणी झपाट्यानें शुद्ध करते. पण तिची छाटणी वरचेवर करावी लागते. जी मंद वाढते, तिला हात लावावा लागत नाहीं. पण ती पाणीहि फारसें शुद्ध करीत नाहीं. जिला मागणें थोडें, तिचें देणेंहि थोडें. 'कांहींएक करावें लागत नाहीं' आणि 'सारें कांहीं करते' हे दोन्हीं गुण एका झाडांत शोधूं नयेत. नांदत्या घरांत धांवपळ करणारीं माणसें असतात आणि एका जागीं बसून घरास धीर देणारीं वडील माणसेंहि असतात; पेटींतहि दोन्हीं असावींत. एक-दोन जाति वेगानें वाढणाऱ्या, दोन-तीन मंद. मग कात्रीचें काम पंधरा दिवसांतून एकदां पुरतें.

दुसरें सूत्र उजेडाचें. आमचा वाडा जुना; माजघरांत भर दुपारींहि दिवा लावावा लागतो. अशा जागीं तांबड्या पानांच्या, गालिच्याप्रमाणें पसरणाऱ्या, चित्रांत मोहक दिसणाऱ्या वनस्पति आणणें म्हणजे कमळ विहिरीच्या तळाशीं लावण्यासारखें आहे. त्यांना प्रखर दिवे, खत आणि पुष्कळदां नळकांड्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु पुरवावा लागतो. घर झाडाप्रमाणें बदलूं नये. घराप्रमाणें झाड निवडावें. साधा एलईडी दिवा दिवसांतून सहा ते आठ तास पुरे. तो ठराविक वेळीं लागावा व मालवावा म्हणून विजेच्या खटक्यावर बसणारें एक लहानसें घड्याळ मिळतें, तें बसवावें. एकत्र कुटुंबांतील विसरभोळेपणावर त्यासारखा उपाय नाहीं. पेटी खिडकींत, थेट उन्हांत मात्र ठेवूं नये. तेथें पहिल्याच महिन्यांत पाणी वाटाण्याच्या आमटीसारखें हिरवें होतें.

या हिरवेपणाविषयीं एक खुलासा अवश्य आहे. मराठींत आपण कांचेवरच्या बुळबुळीत थरासहि शेवाळ म्हणतों आणि तळ्यांतल्या लांब पानांच्या झाडोऱ्यासहि शेवाळच म्हणतों. अमरकोशांतहि शैवालास 'जलनीली' असें एक सुंदर नांव आहे, आणि तें दोहोंसहि शोभेल. पण दोन्हीं एक नव्हेत. बुळबुळीत शेवाळास मूळ, खोड, पान असे अवयव नसतात. उजेड व अन्न जास्त झालें कीं तें जागा सांपडेल तेथें पसरतें. खऱ्या पाणवनस्पति तेंच अन्न व तोच उजेड आपल्याकडे ओढून घेतात. म्हणून शेवाळावर औषध ओतण्यापेक्षां दिवा दोन तास कमी करावा, माशांचें खाणें निम्म्यावर आणावें आणि एक वेगानें वाढणारी वनस्पति अधिक लावावी. रोग जातो आणि औषधहि लागत नाहीं.

आतां प्रत्यक्ष वनस्पतींची ओळख करून घेऊं.

पहिला मान व्हॅलिस्नेरियाचा. इटालियन वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ वालिस्नेरी याच्या स्मरणार्थ हें नांव पडलें आहे. हिचीं पानें फितीसारखीं लांब असून पाण्याच्या हालचालीबरोबर डोलतात. आपल्या देशांतल्या तळ्यांत व संथ नद्यांत ही सर्वत्र आढळते, आणि दख्खनच्या विहिरींचें जड पाणी हिला मानवतें. एक रोप लावलें कीं वाळूंतून आडवे धुमारे पाठवून ती शेजारीं दुसरें, तिसरें रोप उभें करते. सहा महिन्यांत पेटीची मागची भिंत झांकून जाते. हिच्या विवाहाची रीत ऐकण्यासारखी आहे. नरफुलें तळाशीं कळीच्या अवस्थेंतच देंठापासून सुटतात व पाण्यावर तरंगत येऊन उमलतात. मादीफूल लांब देंठावर पृष्ठभागापर्यंत पोंचतें. भेट झाली कीं तो देंठ स्प्रिंगेप्रमाणें वेटोळीं घेऊन फळास पुन्हां पाण्याखालीं ओढून घेतो. लावतांना एवढेंच पाहावें कीं, मुळें वाळूंत गेलीं तरी पानांचा पांढरट बुंधा वर राहील. तो पुरला तर झाड कुजतें.

दुसरी हायड्रिला. प्रयोगशाळेंतली ती आपली जुनी मैत्रीण. उत्तर हिंदुस्थानांत खांडसरी साखर करतांना मळी निथळून साखर पांढरी व्हावी म्हणून तिच्या थरावर असलें ओलें शेवाळ पसरीत असत. ही इतकी वाढते कीं पंधरवड्यास कात्री लागतेच. पण नव्या पेटीचे पहिले दोन महिने हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाहीं. तळ्यांतून आणल्यास एखाद्या घमेल्यांत आठ-पंधरा दिवस वेगळी ठेवून धुवावी. कारण तिच्या आश्रयानें जळवा व चतुरांच्या अळ्या येतात, आणि चतुराची अळी लहान मासे धरून खाते.

हायड्रिला नको असेल तर तिच्या जागीं सेराटोफायलम चालतें; दुकानांत यास हॉर्नवर्ट म्हणतात. याला मुळेंच नसतात. पाण्यावर मोकळें सोडलें तरी वाढतें. नव्या पाण्यांत प्रथम सुयांसारखीं पानें गाळतें, त्यानें घाबरूं नये.

तिसरी क्रिप्टोकोरीन. ही अळवाच्या कुळांतली. श्रीलंकेंतील वेंडटी ही जाति दुकानांत सर्रास मिळते. हिच्या वंशांतील स्पायरॅलिस व रिट्रोस्पायरॅलिस या जाति तर आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांकांठीं वाढतात. अंधारी माजघरें हिला चालतात, खत नसलें तरी चालतें. चालत नाहीं तो फक्त जागेचा बदल. नव्या पाण्यांत लावली कीं कांहीं दिवसांत हिचीं सर्व पानें कागद भिजावा तशीं विरून जातात. हिच्याविषयीं शेवटीं पुन्हां सांगावयाचें आहे.

चौथी अनुबियस. हीहि अळवाचीच बहीण, पण माहेर पश्चिम आफ्रिकेंतलें. गर्द सावलींत वाढते म्हणून शॉट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानें १८५७ सालीं प्राचीन इजिप्तच्या मृतांच्या देवाचें, अनुबिसाचें, नांव हिला दिलें. पानें जाड, चिवट, चामड्यासारखीं; खादाड मासेहि सहसा वाटेस जात नाहींत. महिन्यास एखादें पान येईल न येईल. हिचें आडवें जाड खोड वाळूंत पुरूं नये. पुरलें तर तें सडतें. दगडास किंवा लांकडास दोऱ्यानें बांधून ठेवावें. मुळें आपोआप धरून बसतात. दिव्याच्या अगदीं खालीं हिला ठेवूं नये, कारण सावकाश वाढणाऱ्या पानांवर शेवाळ लवकर बसतें.

पांचवी जावा फर्न. ही आग्नेय आशियांतली नेचाची जाति. लावण्याची रीत अनुबियससारखीच. हिच्या पानांच्या पाठीवर काळसर ठिपक्यांच्या ओळी येतात व टोंकांस इवलीं इवलीं रोपें फुटतात. पुष्कळ लोक तो रोग समजून पान उपटून टाकतात. वास्तविक ते ठिपके म्हणजे नेचाचीं बीजुकें होत, आणि टोंकावरचीं रोपें म्हणजे तिचीं लेंकरें.

या पांचांतून आपल्या घरास मानवतील त्या तीन-चार घ्याव्या. लावणीची तयारी थोडकी आहे. नदीची जाडसर वाळू पाणी निवळ येईपर्यंत धुऊन दोन ते तीन इंच पसरावी. दगड काळा, आपल्याकडचाच असावा. शंका आल्यास त्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेंस आला तर तो चुनखडीचा; तो पाणी जड करतो. पाणी नळाचें असल्यास एक दिवस उघडें ठेवावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन उडून जातो. तेवढी सवड नसेल तर छायाचित्रकार वापरीत तो 'हायपो' दुकानांत माशांसाठीं म्हणून मिळतो. त्याचे थोडे खडे पुरतात.

येथें आमच्या भगिनींस एक नम्र सूचना. तांब्याच्या हंड्यांतलें पाणी देवास चालतें, आपणांसहि चालतें. माशांस चालत नाहीं. आमच्या घरींहि "तांब्याचें तें शुद्ध" म्हणून सकाळचें पाणी पेटींत ओतण्याचा बेत झाला होता. तांब्याचा अल्पसा अंश गोगलगायींस प्राणघातक होतो व माशांसहि बाधतो. त्यांच्यासाठीं पाणी प्लास्टिकच्या बादलींतच ठेवावें.

दोन फुटी पेटींत वाळू व वरची मोकळी जागा सोडून सुमारें पंचेचाळीस लिटर पाणी राहतें. त्यांतलें चौथाई, म्हणजे एक लहान बादली, आठवड्यास बदलावें. काढलेलें पाणी मोरींत ओतूं नये. त्यांत वनस्पतींचें अन्न असतें, अंगणांतल्या झाडांस घालावें. गप्पी किंवा झेब्रा यांसारखे आठ-दहा लहान मासे पुरेत. सोनेरी मासे दिसावयास गोड, पण कोंवळा पाला खातात, रोपें उपटतात, पाणी फार खराब करतात. दोन फुटी पेटी त्यांना पुरत नाहीं. आणखी एक गोष्ट: रात्रीं दिवा मालवला कीं वनस्पतिहि माशांप्रमाणेंच प्राणवायु घेऊं लागतात. फार दाट झाडी झाली व पहांटे मासे वर येऊन तोंड उघडझांप करूं लागले, तर कात्री चालवावी आणि रात्रीं पंप सुरू ठेवावा.

छाटलेल्या पाल्याचें काय करावयाचें, हा प्रश्न लहान दिसतो. पण तोच सर्वांत गंभीर आहे. आपल्यास विसर्जनाची संवय. देवाचें निर्माल्य, जुनी तसबीर, जें टाकवत नाहीं तें आपण नदीच्या स्वाधीन करतों, आणि त्यांत पुण्यच मानतों. पेटी नकोशी झाली कीं तींतील मासे व झाडेंहि याच भावनेनें ओढ्यांत सोडलीं जातात. याचें फळ काय येतें तें पंचगंगेच्या किंवा पवनेच्या कांठीं उभें राहून पाहावें. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेंतली. तिच्या जांभळ्या फुलांवर लुब्ध होऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनीं ती शोभेसाठीं बंगाल्यांत आणली. थोड्याच वर्षांत तेथील खाड्या, शेतें, होड्यांच्या वाटा तिनें झांकल्या. १९३६ सालीं तिच्या नायनाटासाठीं बंगालमध्यें स्वतंत्र कायदा करावा लागला. उलट आपल्या तळ्यांत मर्यादेनें राहणारी हायड्रिला १९५० च्या सुमारास मासे पाळणाऱ्यांच्या हौसेंतून अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत गेली, आणि तेथील जलाशयांस आजहि छळीत आहे. घरांतलें गुणी मूल परक्या घरीं जाऊन उच्छाद मांडतें, तशांतलाच हा प्रकार. आणि ध्यानांत ठेवावें कीं, जी वनस्पति निगा न राखतां पेटींत जगते, तीच निगा न राखतां नदींतहि जगेल. जो गुण पाहून आपण तिला घरीं आणलें, तोच नदीच्या मुळावर येतो. म्हणून छाटलेला पाला कडक उन्हांत पूर्ण वाळवून कुंडीच्या किंवा तुळशीच्या मातींत मिसळावा. हेंच त्याचें योग्य विसर्जन.

आतां राहिलेली गोष्ट सांगून लेख पुरा करतों. मासे गेल्यावर पेटी चार महिने रिकामी पडून होती. मग वरील क्रमानें आम्हीं ती पुन्हां मांडली: मागें व्हॅलिस्नेरिया, वर थोडें हायड्रिला, दगडावर अनुबियस, आणि पुढें क्रिप्टोकोरीनचीं तीन रोपें. मासे दीड महिन्यानें आणावयाचे असें ठरलें. नवव्या दिवशीं क्रिप्टोकोरीनचें पहिलें पान विरघळलें, आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तिन्हीं रोपें नाहींशीं झालीं. आमच्या घरांतून म्हणणें आलें, "अहो, पुन्हां तेंच! आतां तरी ती पेटी काढून टाका." खरें सांगावयाचें तर, सर्व वाचून-विचारून झालें असतांहि माझा धीर सुटला होता. मीं वाळूंत बोट घालून एक रोप उपटूं लागलों. तेवढ्यांत नात म्हणाली, "आजोबा, थांबा. मूळ पांढरें आहे." पाहतों तों खरोखरच मूळ पांढरें, टणक, वाळूस घट्ट धरून बसलेलें. कुजलेलें मूळ काळें, मऊ असतें, हें मींच तिला सांगितलें होतें. पण पाहिलें तिनें.

आम्हीं तें तसेंच ठेवलें. विसावे दिवशीं नखाएवढें, दुमडलेलें, तपकिरी असें एक पान वाळूंतून वर आलें. आज तेथें पेला भरावा एवढा गुच्छ आहे. वर्षभरांत त्यास कोणीं हात लावलेला नाहीं.

तिच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मला त्या दिवशीं मिळालें. दुकानांतलें झाड हिरवें होतें म्हणून आपण त्यास जिवंत म्हटलें. हें पान गळालें म्हणून मेलें म्हणावयास निघालों होतों. दोन्हीं वेळां मीं पानेंच पाहिलीं. अल्पसंतुष्ट वनस्पति ती नव्हे, जिला कांहींच लागत नाहीं. तिला तिच्या जोगतें पाणी, तिच्या जोगता उजेड आणि मूळ धरीपर्यंत कोणीं उपटूं नये एवढी स्वस्थता लागते. पैकीं पहिल्या दोन गोष्टी बाजारांत मिळतात. तिसरी घरांतल्या माणसांनींच द्यावयाची असते.